चौथ्या पिशवीतला भुसा

सकाळी सात चाळीसला मिस्त्री वर्कशॉपचे शटर वर करीत. आधी उजवे कुलूप, मग डावे. कारण डावे जरा हट्टी होते आणि दोन्ही हात मोकळे असल्याशिवाय ते ऐकत नसे. आत गेल्यावर ते लगेच दिवे लावीत नसत. पहिली पाच मिनिटे खिडक्यांतून येईल तेवढ्या उजेडात नुसते फिरत. करवतीच्या टेबलावर तळहात फिरवला की काल संध्याकाळी कोणी भुसा ब्रशने झाडला आणि कोणी नुसतीच फुंकर मारून पळ काढला, हे त्यांना कळे. रंधे कुशीवर ठेवले आहेत की पात्यावर, क्लॅम्प चोवीसच्या चोवीस आहेत की नाहीत, सरसाच्या डब्याचे झाकण घट्ट आहे की उघडे, एवढे पाहून झाले की मेन स्विच, मग पंखा, मग एप्रन. एप्रनचा बंद दर वर्षी आखूड होतो, अशी त्यांची तक्रार होती. "बंद नाही आखूड होत," त्यांची बायको म्हणे, "ताट मोठं होतं."

शेवटी पिंपांची पाहणी. मागच्या भिंतीला भुशाची तीन पिंपे होती: एक खोक्यांच्या हलक्या फळ्यांच्या भुशाचे, एक सागवानाचे आणि एक प्लायवुडचे. डिझाइन शिकवणाऱ्या या कॉलेजात मिस्त्रींना तेवीस वर्षे झाली होती आणि त्यांतली बावीस वर्षे हा भुसा निव्वळ कचरा होता. यंदा मात्र भुसाही मान वर करून बसला होता. शेवटच्या वर्षाच्या मुलांना मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावले होते, "या वेळी वस्तू बनवायची नाही, वाढवायची. निम्मं काम तुम्ही करा, निम्मं कुठल्यातरी जिवंत जिवाला करू द्या. आणि वस्तू वापरता आली पाहिजे. नुसती बघायला मला काही नको."

तेव्हापासून पॉलिशची मागची खोली रिकामी होऊन तिथे फडताळे लागली होती. एका उंच मुलाने टबांत गोड चहा भरून ठेवला होता. त्यावर जिवाणूंची जाड साय धरे. ती वाळली की चामड्यासारखी होई आणि तिची तो पाकिटे शिवणार होता. त्याला सगळे चहावाला म्हणत. एक मुलगी खाचा पाडलेल्या ट्रेमध्ये गवत पेरून त्याच्या मुळांकडून चटई विणून घेत होती. आणि मिस्त्रींची स्वतःची लेक लाकडाच्या भुशावर बुरशी पोसत होती.

बुरशी हा शब्द मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात शिवीसारखाच वापरला होता. तिच्यापायी त्यांनी दारे बदलली होती, चौकटी उखडल्या होत्या, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली होती.

"बाबा, तुम्ही जिला शत्रू म्हणता ना," लेक म्हणाली होती, "ती भुशाचा कण न् कण आपल्या धाग्यांनी बांधते. खिळा नको, सरस नको, सांधा नको. भुशात तिचं बी कालवून साच्यात भरायचं, बारा दिवस अंधारात ठेवायचं, मग वाळवायचं. झालं स्टूल."

"आणि बसल्यावर?"

"बसल्यावर बसायचं."

मिस्त्री हसले होते. पण पाठ फिरवल्यावर बराच वेळ त्यांनी त्या वाक्याचा विचार केला होता. न सांधलेले, न ठोकलेले, एकसंध वाढलेले स्टूल. तीस वर्षांत आपल्याला हे का सुचू नये, असे त्यांना वाटले. आणि सुचले ते आपल्याच घरात, हेही वाटले.

लेकीला कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा प्राचार्यांनी त्यांना बोलावून एकच गोष्ट सांगितली होती: सगळ्यांना शिकवता तसे तिलाही शिकवा, पण तिच्या कामाला हात लावू नका. मिस्त्रींनी ते अक्षरशः पाळले होते. पहिल्या वर्षी पटाशीने तिचे बोट कापले तेव्हासुद्धा त्यांनी पट्टीची डबी तीन पावलांवरून पुढे सरकवली होती आणि मग लेथच्या आड जाऊन आपल्याच अंगठ्याचे नख चावीत उभे राहिले होते.

म्हणूनच चौथ्या पिशवीचे जे झाले, ते त्यांचे त्यांनाही नीट सांगता आले नसते.

लेकीला भुशाच्या चार पिशव्या हव्या होत्या: एक बसायच्या तबकडीसाठी आणि तिन्ही पायांसाठी एकेक. मुलांना भुसा मिस्त्रीच भरून देत. यंत्राजवळची पिंपे मुलांनी उचकू नयेत, असा नियमच होता. पिंपावर लेकीने चिठ्ठी चिकटवली होती: "फक्त हलके लाकूड." त्या दिवशी तिसऱ्या पिशवीलाच हलका भुसा तळाला गेला. नवी खोकी चार दिवसांनी यायची होती. त्याच सकाळी प्राचार्यांच्या टेबलासाठी जुन्या सागवानी चौकटी कापून झाल्या होत्या आणि पिंपात सोन्यासारखा, वासाचा, ताजा भुसा होता. मिस्त्रींनी मूठभर हातात घेतला. खोक्याच्या फळ्यांचा भुसा म्हणजे काय, जगाने टाकून दिलेले लाकूड. लेकीच्या स्टुलाचा एक पाय तरी घरंदाज असू दे, असे त्यांच्या मनात आले, आणि मन पुढे काही बोलण्याआधी हाताने पिशवी भरून गाठ मारली.

बाराव्या दिवशी साचा उघडला. अख्खा वर्ग भोवती जमला होता. मॅडम चष्मा कपाळावर चढवून उभ्या होत्या. लेकीने पुठ्ठ्याचा साचा हलक्या हाताने सोडवला. तबकडी निघाली, पांढरीशुभ्र, कापसाची उशी दाबून बसवावी तशी. पहिला पाय निघाला, तोही पांढरा. दुसरा तसाच. कोणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवातही केली. तिसऱ्या पायाचे नळकांडे सरकवले मात्र, आतला भुसा भसकन जमिनीवर सांडला. कोरडा, सुटा, सोनेरी.

लेथजवळ उभ्या असलेल्या मिस्त्रींनी तो रंग पाहिला. तो त्यांना अंधारातही ओळखता आला असता.

"चौथी पिशवी," लेक खाली बसत म्हणाली. तिचा आवाज अगदी सरळ होता. "भुशातले नको ते जंतू मरावेत म्हणून पिशव्या दीड तास वाफवायच्या असतात. ही शेवटची. मध्येच सिलिंडर संपला, तर मी चाळीस मिनिटांत बाहेर काढली. वाटलं होतं चालेल. चूक माझीच." आणि तिने वहीत तेच लिहिले.

मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "परीक्षेला एकवीस दिवस उरलेत. आता स्टूल सोड. ही तबकडी कापून छानसा ट्रे कर. पास होशील."

 लेकीने ते शब्द कसे गिळले, हे फक्त तिच्या बापाला दिसले. तीन वर्षे ती पास होण्यासाठी पहाटे उठली नव्हती. माणूस ज्यावर बसेल अशी, कोणी न ठोकलेली वस्तू तिला परीक्षकांसमोर ठेवायची होती. आणि मिस्त्री तोंडात मिठाची गुळणी धरून उभे राहिले.

घरी जेवताना त्यांच्या बायकोने वातावरण हलके करून पाहिले. ती कपडे शिवून देई आणि दिवसभर मशिनवर बसून तिच्या जिभेलाही टोक आले होते. "भिंतीला बुरशी आली की मला बोलणी बसतात, आणि हिला तिचेच मार्क मिळतात. कलियुग म्हणतात ते हेच."

लेक कशीबशी हसली आणि वही घेऊन आत गेली. मिस्त्री पानातला घास इकडून तिकडे करीत होते.

"घशात काय अडकलंय?" बायकोने विचारले.

"काही नाही."

"काही नाही एवढं मोठं असतं होय?"

मग त्यांनी सांगितले. ती ऐकत राहिली. ऐकून झाल्यावर तिने ताटे एकात एक घातली. "मला सांगून काय उपयोग? मी काय तिची मॅडम आहे? आणि आत ती पोर स्वतःला दोष देत बसलीय, तो कोणाचा?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी शटर उघडले, पण टेबलावरून तळहात फिरवला नाही की क्लॅम्प मोजले नाहीत. मॅडम यायची वाट पाहत दारातच थांबले. त्या आल्यावर ते त्यांच्याबरोबर मागच्या खोलीत गेले. लेक तिथे तबकडीवर ट्रेच्या खुणा करीत होती. चहावाला टबांवर वाकला होता.

"मॅडम, हिची चूक नाही," मिस्त्री म्हणाले. "चौथ्या पिशवीत सागवान होतं. ते मी भरलं."

मॅडमनी क्षणभर पाहिले. "चुकून?"

तो शब्द त्यांनी मायेनेच पुढे केला होता. पडत्याला धरायला दोर टाकावा तसा. मिस्त्रींनी तो धरला नाही.

"नाही. मुद्दाम. चांगलं लाकूड म्हणून."

लेकीच्या हातातली पेन्सिल थांबली. "बाबा, पिंपावर चिठ्ठी होती."

"वाचली होती."

"आणि तुम्हीच जगाला सांगता ना, सागवान घ्या, जन्मात बुरशी लागणार नाही? त्याच्या अंगातलं तेलच तिला धरू देत नाही म्हणून?"

"तीस वर्षं सांगतोय."

"मग?"

"मग काय. डोक्याला सगळं ठाऊक होतं, पोरी. हाताला एवढंच ठाऊक होतं की पिशवी तुझी आहे."

 तेवढ्यात चहावाल्याने टबातून मान वर केली. "काका, माझ्या चहात तुम्ही प्रेमानं काही घातलं नाहीत ना?"

"तू गप रे," लेक म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते, आणि राग होता तो होताच. "मला रंग गडद दिसला होता, बाबा. हात घालतानाच दिसला होता. तुम्ही दिलीय म्हणून विचारलं नाही."

एवढी वर्षे गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली, पण यासारखे काही मिस्त्रींना लागले नव्हते. ते मान खाली घालून उभे राहिले. आणि म्हणूनच पुढे काय झाले ते त्यांनी पाहिले नाही, ऐकले फक्त. आधी वहीची पाने भराभरा उलटल्याचा आवाज. मग लेकीचा, निराळाच.

"मॅडम, म्हणजे वाफ कमी पडली नव्हती. चाळीस मिनिटं पुरली होती, नाहीतर नको ती हिरवी बुरशी धरली असती. हा भुसा तर नुसताच कोरा राहिलाय. म्हणजे माझी रीत बरोबर आहे. आणि तबकडी अजून जिवंत आहे!" ती उठली. "स्टूल उलटं करते. तुटक्या जागेवर नवं नळकांडं बांधते, हलका भुसा भरते. तबकडीतली बुरशीच खाली उतरेल. नवं खाणं दिसल्यावर ती थांबेल कशाला?"

"वीस दिवसांत?" मॅडम म्हणाल्या.

"बारा वाढायला, पाच वाळायला. तीन माझे."

मॅडमनी चष्मा पुसला. पुसायला त्यावर काही नव्हते. "कर. पण भुसा तू स्वतः भरायचा. त्या पिंपापुरती तुला माझी परवानगी. आणि मिस्त्री, परीक्षेपर्यंत तुम्ही या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

"नाही टाकणार," मिस्त्री म्हणाले.

संध्याकाळी जाताना लेकीने वही त्यांच्यासमोर धरली. "चूक माझीच" वर तिने काट मारली होती आणि खाली लिहिले होते: "चौथी पिशवी: सागवान. बुरशी वाढत नाही. माहिती: वर्कशॉपचे मिस्त्री, अनुभव तीस वर्षे."

"हे काय लिहिलंस?"

"आधार द्यावा लागतो, बाबा. कोणी सांगितलं ते लिहायचं असतं." ती अजून पुरती निवळली नव्हती, पण वही मिटताना तिने त्यांच्या एप्रनवरचा भुसा झटकला.

पुढचे दिवस मिस्त्रींनी मागच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन परत फिरण्यात घालवले. दाराला वीतभर काच होती. तिच्यातून त्यांना फडताळाच्या खालच्या कप्प्यात उलटे ठेवलेले, प्लॅस्टिकच्या तंबूत झाकलेले स्टूल दिसे, आणि दिवसातून तीनदा त्यावर वाकणारी लेक. ती हात कोपरापर्यंत धुई, तंबूची कड बोटभर उचली, आत नाक घालून वास घेई. बिघडलेली बुरशी आधी वासाने कळते, मग डोळ्यांना, असे ती एकदा गवतवालीला सांगत होती. मिस्त्रींनी लेथ बंद करून ते ऐकले. लाकूड आत कुजले आहे की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः असेच नाक लावीत. पण हे त्यांनी तिला कधी शिकवले नव्हते.

आठव्या दिवशी चहावाल्याच्या टबांत काळे ठिपके पडले आणि तो रडकुंडीला आला. लेकीने त्याला धरून बसवले, आठही टब तपासले, पाच फेकायला लावले आणि उरलेले तीन वाचवले. "पाच गेले!" तो म्हणाला. "तीन राहिले," ती म्हणाली, "आणि पाकिटं तुला दोनच शिवता येतात." मॅडम एकदा म्हणाल्या, की तापमान वाढवले तर बुरशी लवकर उतरेल. लेक अदबीने म्हणाली, "लवकर उतरेल मॅडम, पण विरळ उतरेल. पायाला घट्ट हवी." मॅडमनी मान डोलावली आणि बाहेर येऊन मिस्त्रींना म्हणाल्या, "तुमच्याकडून आलंय का हे?"

मिस्त्रींनी खरे तेच सांगितले. "नाही हो. मी तर घाईवालाच आहे. मी केव्हाच पाचर मारून मोकळा झालो असतो."

तेराव्या दिवशी लेकीने स्टूल दारापर्यंत आणले. ती उंबऱ्याच्या आत, मिस्त्री बाहेर. नवा पाय जुन्या तबकडीला जिथे मिळाला होता तिथे मिस्त्रींनी वाकून पाहिले. आयुष्यभर त्यांनी सांधे केले होते, आणि कितीही चांगला सांधा झाला तरी केसाएवढी रेघ राहतेच. ती लपवणे म्हणजेच कारागिरी, असे ते मुलांना सांगत. इथे रेघच नव्हती. तबकडी कुठे संपली आणि पाय कुठे सुरू झाला, हे बुरशीलाही सांगता आले नसते.

"हं," ते म्हणाले.

"नुसतं हं?"

"एवढंच येतंय," ते म्हणाले, आणि लेथकडे परत गेले, कारण तिथे उभे राहिले असते तर आणखी काहीतरी आले असते.

परीक्षेच्या दिवशी वर्कशॉपची मधली जागा मोकळी केली होती. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई फर्निचरचा कारखाना चालवीत. काटक, कमी बोलणाऱ्या, दोरीला बांधलेला चष्मा. त्यांनी चहावाल्याचे पाकीट दहा वेळा उघडमीट केले, गवताच्या मुळांची चटई पिळून पाहिली आणि मग स्टुलापाशी आल्या. वाळून ते आता फिकट बदामी झाले होते. त्यांनी बोटाने टकटक केले.

"यातला एक पाय नंतर वाढवलाय म्हणता. कोणता?"

"तुम्हीच सांगा," लेक म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "म्हणजे... ओळखता येतो का, बघा."

बाईंनी तिन्ही पाय पाहिले. चष्मा लावून पुन्हा पाहिले. चष्मा काढला. "ठीक. हातच्या कांकणाला आरसा कशाला. कोणीतरी बसा."

"मी बसतो," चहावाला म्हणाला.

"तू काडी आहेस. तुझ्यानं पुठ्ठापण मोडायचा नाही." बाईंची नजर वर्गावरून फिरली आणि भिंतीशी उभ्या असलेल्या मिस्त्रींच्या पोटावर थांबली. "तुम्ही या. तुमच्यासारख्याला पेललं तर कोणालाही पेलेल."

मॅडम म्हणाल्या, "ते तिचे..."

"बसू द्या, मॅडम," लेक म्हणाली.

मिस्त्री पुढे आले. वर्कशॉप इतके शांत झाले की पंख्याचा एक पत्रा सैल आहे, हे त्यांना पहिल्यांदाच ऐकू आले. डगमगत्या खुर्चीवर कसे बसायचे, हे सुताराला कोणी शिकवावे लागत नाही. बुड टेकवायचे, पण भार मांड्यांवरच ठेवायचा. समोरच्याला वाटते, बसला आहे. गिऱ्हाइकाच्या घरी मोडक्या खुर्च्यांवर ते असे शेकडो वेळा बसले होते. त्यांनी पाय रोवले, गुडघे वाकवले आणि स्टुलावर टेकले. निम्मे वजन अजून त्यांच्याच पायांत होते.

बाई वही पाहत होत्या. "सागवानाची माहिती कोणाकडून घेतलीत, ते लिहिलंय. चांगलं केलंत," त्या म्हणाल्या आणि पान उलटून प्रश्न विचारू लागल्या. लेक उत्तर देऊ लागली. सगळे तिच्याकडे वळले. मिस्त्रींकडे कोणी पाहत नव्हते. असेच दोन मिनिटे टेकून राहावे, उठावे, आणि झाले. पोर जिंकली असती. मांड्या थरथरू लागल्या होत्या, पण दोन मिनिटे त्यांनी सहज काढली असती.

हाही हात लावणेच होते. त्यांना ते कळले, आणि या वेळी डोक्याबरोबर अंगालाही कळले.

त्यांनी श्वास सोडला. मांड्या सैल सोडल्या. सगळे वजन, ताटांनी वर्षानुवर्षे वाढवलेले, लेकीच्या तीन पायांवर जाऊ दिले. खालून बारीक कुरकुर ऐकू आली, वाळलेल्या पानावर पाऊल पडावे तशी. मग तीही थांबली. नवा पाय कुठला, हे त्यांना बसूनही सांगता येईना.

"आणि ओल किती ठेवली होती?" बाई विचारत होत्या.

"मुठीत दाबल्यावर एखादा थेंब सुटेल, इतकीच," लेक सांगत होती. आता ती अडखळत नव्हती.

मिस्त्रींनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि दोन्ही पाय जमिनीवरून वीतभर वर उचलले. मग ते तसेच बसून राहिले, शाळेतल्या बाकावर बसलेल्या लहान मुलासारखे, तिचे पुढचे उत्तर ऐकत.